साठच्या दशकातली रोडस्टर की आजची सेडान?

प्रश्न असा आला आहे. घरात नवरा-बायको आणि दोन लहान मुलं. पैसे एकाच गाडीपुरते, जागाही एकाच गाडीची. समोर दोन गाड्या आहेत: १९६५ ची, बऱ्या अवस्थेतली एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, पक्कं छत नसलेली ब्रिटिश गाडी, आणि २०१८ मध्ये आलेल्या पिढीतली, थोडी चाललेली टोयोटा कॅमरी. विचारणाऱ्यांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. खरोखर जोरात पळणारी कोणती, सुरक्षित कोणती, पुढे खर्च कुणाचा जास्त, आणि जुनी गाडी रोज वापरता येईल का.

माझं काम जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचं आहे. शिवाय रोजच्या वापराच्या गाड्याही दुरुस्तीला येतात, त्यामुळे दोन्हीकडची इंजिनं हाताखालून जातात. उत्तर आधीच देतो: गाडी एकच घ्यायची असेल आणि तीत मुलं बसणार असतील, तर कॅमरी घ्या. रोडस्टरला मागची सीटच नाही, इथेच खरं तर विषय संपतो. पण हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या मनात ती जुनी गाडी बसलेली असते. तिला नाही म्हणताना किंवा पुढेमागे हो म्हणताना नेमकं कशाला म्हणतोय, हे त्याला कळायला हवं. म्हणून सविस्तर लिहितो.

आकड्यांचा भाग पटकन उरकतो, कारण त्यात चुरस नाहीच. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, ताकद ९५ हॉर्सपॉवर. शून्यापासून ताशी ९७ किलोमीटरला, म्हणजे जुन्या हिशेबातल्या ६० मैलांना पोचायला तिला सुमारे १२ सेकंद लागतात. चार सिलिंडरची साधी कॅमरी २०३ हॉर्सपॉवरची आहे. एमजीबीपेक्षा जवळजवळ दीडपट वजनाची असूनही ती तेच काम आठेक सेकंदांत करते. एमजीबी स्वस्तातली होती म्हणून ही तुलना अन्यायाची वाटत असेल, तर त्या काळातली सर्वांत देखणी आणि वेगवान मानली गेलेली जॅग्वार ई-टाइप घ्या. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली तेव्हा ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २६५ हॉर्सपॉवर आणि ताशी १५० मैलांचा दावा. तिला ६० मैल गाठायला सात सेकंद लागत. व्ही-सिक्स इंजिनाची कॅमरी ३०१ हॉर्सपॉवरची आहे आणि ती सहा सेकंदांच्या आसपास पोचते. तीही डिकीत सामान आणि मागे तीन माणसं बसतील अशी.

त्यातही जुने आकडे जरा हात राखून वाचावेत. त्या काळी बऱ्याच कंपन्या ताकद ‘ग्रॉस’ पद्धतीने सांगत. इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवायचं, एअर फिल्टर, सायलेन्सर, डायनॅमो असली ओझी काढून टाकायची आणि मग मोजायचं. गाडीत बसवलेल्या इंजिनाची ताकद मोजण्याची ‘नेट’ पद्धत अमेरिकेत १९७२ पासून रूढ झाली. म्हणून जॅग्वारचे २६५ आणि कॅमरीचे ३०१ हे एकाच मापाचे नाहीत. खरं अंतर कागदावर दिसतं त्याहून मोठं आहे.

आता ही सेडान इतकी पुढे का, इकडे वळतो, कारण तुमचं उत्तर तिथे आहे. पन्नास-साठ वर्षांत गाडीने ड्रायव्हरची आणि मालकाची एकेक जबाबदारी स्वतःकडे घेतली. जुन्या गाडीत त्या सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्याकडे परत येतात. तिचा आनंद, तिची कटकट आणि तिचा धोका तिन्ही इथूनच येतात.

सकाळी गाडी चालू करण्याचंच बघा. कॅमरीत बटण दाबलं की इंजिन फिरतं. बाहेर थंडी किती, हवेचा दाब किती, पाण्याचं तापमान किती हे सेन्सर सांगतात आणि संगणक त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. पुढे ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे जाणारा धूर तपासत राहतो आणि सेकंदात अनेकदा मिश्रण दुरुस्त होतं. एमजीबीत किल्ली फिरवली की आधी मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या वाट्या भरल्या की टिकटिक मंदावते. मग हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारा चोक ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिनाने पकडलं की चोक थोडा आत ढकलायचा. किती ढकलायचा हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवायचं. जास्त वेळ ओढून ठेवला तर प्लग काळे होतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. लवकर आत घेतला तर गाडी खोकते आणि बंद पडते. एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत आणि दोघांतून सारखी हवा जायला हवी. ते जुळवण्याचं काम एका रबरी नळीचं एक टोक कानाला लावून फुस्स आवाज ऐकत करता येतं, आणि शिकायला अजिबात अवघड नाही. कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या नळकांड्यातल्या, म्हणजे डॅशपॉटमधल्या ऑइलची पातळी मात्र न चुकता बघावी. ते संपलं की अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, आणि लोक उगाच इग्निशनच्या मागे लागतात.

इग्निशनचंही तसंच. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंट असतात, वीज जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क. त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी लागते आणि झिजेमुळे ती हळूहळू बदलते. फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ बदलते, टायमिंग बदललं की पिकअप जातो. फीलर गेज, स्क्रू ड्रायव्हर आणि टायमिंग लाइट एवढ्या सामानात हे घरी होतं. कॅमरीला पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे. इंजिन ठोकू लागलं तर नॉक सेन्सर ते ऐकतो आणि टायमिंग तिथल्या तिथे मागे घेतलं जातं. म्हणूनच तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १३ ला १ इतकं चढं ठेवता आलं. एमजीबीचं ८.८ ला १ आहे. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं त्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं, पण ठोकण्याचा धोकाही वाढतो. पूर्वी तो ऐकायला ड्रायव्हरचे कान होते, आता सेन्सर आहे. टोयोटा या इंजिनाची उष्णता-कार्यक्षमता ४० टक्क्यांपर्यंत जाते असं सांगते. फरक पेट्रोलच्या ॲव्हरेजमध्ये दिसतोच: कॅमरी लिटरला साधारण १४ किलोमीटर देते. तिच्या दोनतृतीयांश वजनाची एमजीबी नऊ-दहाच्या पुढे सहसा जात नाही.

सुरक्षिततेवर मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण इथे जुन्या गाड्यांच्या प्रेमात असलेली माणसं एक गैरसमज जपतात. ‘पूर्वीचा पत्रा जाड होता, गाडी मजबूत होती’ असं सर्रास म्हटलं जातं. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने तिच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू या दोन गाड्या समोरासमोर, ताशी ६४ किलोमीटरने, थोड्या बाजूने आदळवल्या. बेल एअर लांबलचक, जाड पत्र्याची. मॅलिबू घरगुती वापराची साधी सेडान. बेल एअरमध्ये बसण्याची जागाच कोसळली, स्टेअरिंग आत घुसलं. तिचा ड्रायव्हर जागीच गेला असता. मॅलिबूतल्या बाहुलीवरची मापं पायाला दुखापत होईल इतकंच सांगत होती. ही दृश्यं सहज बघायला मिळतात. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी ती आधी बघायला लावतो.

पत्रा नुसता जाड असून भागत नाही. तो हवा तिथे चुरगळला नाही, तर धक्का थेट माणसापर्यंत येतो. पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा आणि मधली पेटी ताठ ठेवायची ही बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना. मर्सिडीझने ती १९५९ च्या सेडानमध्ये रस्त्यावर आणली. त्याच वर्षी व्होल्व्होच्या निल्स बोलिनने तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. एमजीबी या सगळ्याच्या उंबरठ्यावरची गाडी आहे. १९६५ च्या गाडीला पट्टे असतील तर ते जास्तीचे म्हणून बसवलेले. डोक्यामागे आधार नाही, धडकेत स्वतः आत मिटणारा स्टेअरिंगचा दांडा नाही, एअरबॅग नाही, छत नाही. कॅमरीत हे सगळं आहे, आणि त्यावर १९९५ नंतर पसरत गेलेलं स्टॅबिलिटी कंट्रोल. वळणावर मागचा भाग सुटायला लागला तर ते एकेक चाक वेगळं धरून गाडी सरळ करतं.

ब्रेकबद्दल लोक विचारत नाहीत, पण मी आधी तिथे बघतो. चांगले टायर असलेली आजची सेडान ताशी १०० किलोमीटरवरून साधारण ४० मीटरमध्ये थांबते, आणि ओल्या रस्त्यावर घाबरून पूर्ण पाय दाबलात तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसमुळे स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं. एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत आणि ते नीट असतील तर त्या वजनाला पुरेसे आहेत. पण पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नसल्याने पाय जोरात लागतो, चाकं लॉक होऊ न देण्याचं काम तुमच्या पायाचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चारही चाकांना हायड्रॉलिकचं एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून या गाडीतल्या रबरी ब्रेक नळ्या, मास्टर सिलिंडरचे सील आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल हे खर्च पुढे ढकलायचेच नसतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ झाली की पेडल मऊ पडतं. रहदारीत आणखी एक अडचण असते: पुढची गाडी आधुनिक असते. ती ४० मीटरमध्ये थांबते आणि तुम्ही नाही. अंतर ठेवण्याची सवय मोडून नव्याने लावावी लागते.

टायरबद्दल एक वाक्य लक्षात ठेवा. नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर वयाने कडक होतं, आणि जुन्या गाड्या कमी चालत असल्याने त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्या टायरवर गाडी चालवून बघायलाही जाऊ नका.

एवढं वाचून वाटेल की मग ही गाडी घ्यावीच कशाला. आता तेच सांगतो, आणि हे मी मनापासून सांगतो.

एमजीबीत तुम्ही जमिनीच्या अगदी जवळ बसता. स्टेअरिंगला कसलीही मदत नाही, रॅक थेट चाकांना जोडलेला. वळणात शिरताना स्टेअरिंग हळूहळू जड होत जातं, आणि पुढच्या टायरची पकड संपायला येते त्याच्या थोडं आधी ते हलकं व्हायला लागतं. यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. वळताना टायरचा जोर त्याच्या मध्यापेक्षा थोडा मागे लागतो, त्यामुळे चाक सरळ होऊ बघतं, तोच भार हाताला जाणवतो. पकड संपत आली की हा जोर पुढे सरकतो आणि भार कमी होतो. म्हणजे घसरण्याची सूचना तुमच्या तळहातात आधी येते. आजच्या गाडीत मधे इलेक्ट्रिक मोटर असते. ती खड्ड्यांचे धक्के गाळते, तेव्हा त्यांच्याबरोबर ही बारीक कुजबुजही बरीचशी गाळली जाते. कॅमरी ताशी १२० ने जाताना जितकं सांगते त्याहून जास्त एमजीबी ताशी ६० ला सांगते. साध्या, वळणावळणाच्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत, कुणालाही धोका न देता तुम्ही गाडी पूर्ण चालवता. तीनशे हॉर्सपॉवरच्या सेडानमध्ये तुम्ही तिच्या क्षमतेच्या पाव भागात फिरत असता, उरलेला भाग सार्वजनिक रस्त्यावर वापरणं गुन्हा ठरेल.

गिअरचंही तसंच आहे. १९६५ च्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग गिअर. इंजिनाचा आणि गिअरचा वेग जुळला की दांडी आवाज न करता आत जाते. हे जमू लागल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी पुष्कळदा बघितलं आहे. शिकलेलं कौशल्य ताबडतोब उपयोगी पडल्याचं समाधान असतं ते, आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ते मिळण्याची सोयच नाही. लांबच्या रस्त्याला मात्र हेच उलटतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लांबच्या रस्त्याला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर नसेल, तर १०० च्या वेगाला एमजीबीचं इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं, कॅमरीचं २००० च्या आत गुणगुणतं. दोन तासांनी शेजारच्याशी बोलायचंही त्राण उरत नाही.

देखभालीचं गणित बहुतेकांना उलटं वाटतं. कॅमरीला क्वचित काम निघतं, एमजीबीला सतत. ऑइल आणि ग्रीस दर पाचेक हजार किलोमीटरला, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनचे ग्रीस निप्पल तर कधीच विसरायचे नाहीत, ते सुकले की स्टेअरिंग जड होतं आणि दुरुस्ती महागात जाते. ऑइल २०डब्ल्यू-५० जाडीचं आणि जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं हवं, कारण या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम सपाट टॅपेटवर घासतो. आजच्या गाडीचं पातळ, कमी जस्ताचं ऑइल ओतलंत तर कॅम खाल्ला जाईल. पेट्रोलचाही प्रश्न आहे. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर थर धरायचं आणि ती झिजू द्यायचं नाही. शिसं गेलं ते उत्तमच झालं, माणसाच्या मेंदूला ते विष आहे. पण इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हसाठी कडक धातूच्या बैठका बसवल्या आहेत का हे विकणाऱ्याला विचारा. बसवल्या नसतील तर काम बाकी आहे असं समजा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. जुन्या गाड्या जळण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि कार्बोरेटरच्या नव्या सुया, हा गाडी घरी आणल्यावरचा पहिला खर्च. रंग, क्रोम, सीटचं चामडं हे सगळं त्यानंतर.

मात्र एमजीबीतलं जवळपास प्रत्येक काम साध्या पान्यांनी होतं आणि प्रत्येक सुटा भाग मिळतो. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून जास्त बनल्या. तिची संपूर्ण नवी बॉडी ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवरून पुन्हा बनवायला घेतली. सेडानचं तसं नसतं. पंधरा-वीस वर्षांनी तिचा एबीएस मॉड्यूल किंवा बॉडी कंट्रोलर असा एखादा इलेक्ट्रॉनिक भाग गेला आणि कंपनीने तो बनवणं बंद केलेलं असलं, तर इंजिन टकाटक असूनही गाडी भंगारात जाते. असे प्रसंग गॅरेजमध्ये आता वाढत चालले आहेत. साठ वर्षांची गाडी दुरुस्त होते आणि वीस वर्षांची होत नाही, हे मला मनापासून खटकतं.

किमतीबद्दल एवढंच की सेडान दरवर्षी उतरते, हे ठरलेलं आहे. जुनी गाडी चांगली ठेवली तर सहसा टिकून राहते, कधी वाढते. पण ‘गुंतवणूक’ म्हणून ती घेऊ नका. कोरडी जागा, वेगळा विमा, सतत चालणारी छोटी कामं यांत वाढलेली किंमत बहुतेकदा विरून जाते. विमा घ्याल तो आधी ठरवून लिहिलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी साठ वर्षांची घट मोजून हातावर पैसे टेकवेल.

रोज वापरण्याबद्दल. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा ऐतिहासिक गाडीची व्याख्या करते तेव्हा तीत किमान तीस वर्षं वय, मूळ स्वरूपात जतन, आणि रोजच्या प्रवासाचं साधन नसणं अशा अटी आहेत. मला ती शेवटची अट शहाणपणाची वाटते. रहदारीत खोळंबून ही इंजिनं तापतात, पावसात पत्रा खातो, शिवाय धुरावर तिला कसलंही नियंत्रण नाही: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्यामुळे प्रत्येक किलोमीटरमागे ती आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण हवेत सोडते. वर्षाला थोडं चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे सहन होण्यासारखं आहे, रोजच्या गाडीच्या बाबतीत मला ते पटत नाही. पण उभीही करून ठेवू नका. उभ्या गाडीत ब्रेकचे सिलिंडर अडकतात, क्लच प्लेट चिकटते, पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो. दर आठवड्याला पाच मिनिटं जागेवर इंजिन चालवणं तर सर्वांत वाईट, कारण ऑइल तापत नाही आणि ज्वलनातलं पाणी इंजिनात आणि सायलेन्सरमध्येच साठतं. पंधरा दिवसांनी एकदा, अर्धा-पाऊण तास, ऑइल पूर्ण तापेपर्यंत रस्त्यावर चालवा.

तेव्हा आत्ता कॅमरी घ्या. मुलं मोठी झाली, दुसऱ्या गाडीला कोरडी जागा मिळाली आणि आठवड्यातले काही तास तिच्याखाली झोपायची हौस तोवर टिकून असली, तर एमजीबी बघायला जा. तेव्हा पैशांचा विचार करताना इंजिनाला घाबरू नका, पत्र्याला घाबरा. इंजिन खोलून नवं करता येतं. पण ही छत नसलेली गाडी, तिची ताकद दोन्ही दारांखालच्या तीन थरांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. गंज आतून लागतो आणि बाहेरून पुट्टी आणि रंग मारून तो झाकता येतो. खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि दारांखालून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मागच्या बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दाराची फट बघत राहा. ती आकसली किंवा दार उघडेना झालं, तर गाडी मधून वाकते आहे. तिथूनच परत फिरा, किंमत कितीही कमी सांगितली तरी.

पत्रा पास झाला तर इंजिन. गरम झाल्यावर चालताना ऑइलचं प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास हवं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांहून जास्त नसावा. आणि बघायला जाण्याआधी मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर किल्ली मागण्याआधी बोनेट उघडून रेडिएटरला हात लावा. तो कोमट लागला तर थंड इंजिन कसं चालू होतं हे तुम्हाला दिसू द्यायचं नव्हतं, असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.